हळदीचा कागद, खोडरबराचा ठसा

खोडरबरावर ‘प्रिय आजी’ कोरायला बसलं की पहिला फटका उलट्या अक्षरांचा बसतो. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, व्हॅलेंटाइनच्या कार्डासाठी, आमच्या सांगलीच्या घरी पुतणीने जिभेचं टोक बाहेर काढून, तासभर खपून, अर्ध्या ब्लेडने हे दोन शब्द कोरले. पॅडवर दाबले, कागदावर उठवले, आणि बघतो तर काय, ‘प्रि’ची पहिली वेलांटी दुसरी झालेली आणि ‘जी’ची दुसरी पहिली. आरशात धरलं की झकास वाचता येत होतं. ‘कार्डाबरोबर आजीला आरसापण पाठवू,’ असं मी म्हटलं आणि त्या दुपारी मला चहा मिळाला नाही.

यावर उपाय सोपा आहे. बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने सुलटं लिहायचं, तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासायचा. शिसं रबरावर उतरतं आणि अक्षरं आपोआप उलटी पडतात. मग पेन्सिलीची रेघ सोडून बाकीचं रबर कोरून काढायचं. देवनागरीत शिरोरेघ असल्यामुळे शब्दातली सगळी अक्षरं एकमेकांना धरून राहतात, ही एक सोय. ‘प्र’चा तिरका तुकडा मात्र हमखास तुटतो.

उलट्या अक्षरांची ही कटकट आमच्या भागाला दोनशे वर्षांहून जुनी आहे. नाना फडणवीसांच्या काळात, इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट पुण्यात असताना, एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर नागरी अक्षरं कोरण्याची विद्या शिकवली गेली. १८०० साली नाना गेले आणि ते काम अर्धवट राहिलं. तो कारागीर शेजारच्या मिरजेला आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून तिथे भगवद्गीता छापली गेली. सुट्या खिळ्यांचा छापखाना महाराष्ट्रात रुळायच्या आधीची ही गोष्ट. अठरा अध्याय, सातशे श्लोक, आणि प्रत्येक वेलांटी उलट्या बाजूला. आमच्या पुतणीचे दोन शब्द त्या तांबटासमोर काहीच नाहीत, पण घाम त्याच जातीचा.

ठसा म्हटलं की मराठी माणसाला आधी प्रेम आठवत नाही, सरकार आठवतं. शिवाजी महाराजांच्या पत्रावर सुरुवातीला ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ची मुद्रा असे आणि मजकूर संपला तिथे ‘मर्यादेयं विराजते’. वरचा तो शिक्का, खालचं ते मोर्तब. शेवटच्या ओळीखाली मोर्तब पडलं की त्याखाली कुणाला गुपचूप ओळ वाढवता येत नसे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आज लग्न ठरल्यावरही वापरतो. पुढे इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांत जांभळी शाई आली आणि ठशाचा रंगही सरकारी झाला. माझं वैयक्तिक मत विचाराल तर जांभळ्या शाईत बदाम उठवू नये. तो बदाम ‘आवक क्रमांक’ घातल्यासारखा दिसतो.

कार्डाचा इतिहास विलायतेतला आहे आणि तो तिथेच ठेवून सांगायला हवा. ज्या संत व्हॅलेंटाइनच्या नावाने १४ फेब्रुवारी साजरा होतो, तो नेमका कोण हे चर्चच्या जुन्या नोंदींवरूनही धड ठरत नाही. त्या नावाचे एकाहून अधिक हुतात्मे त्यांत सापडतात. १९६९ साली रोमन कॅथॉलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून हा दिवस काढूनही टाकला. या दिवसाशी प्रेमाचा संबंध जोडला तो चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने. या दिवशी पाखरं आपापला जोडीदार निवडतात, अशी कल्पना त्याच्या कवितेत आहे. धर्मापेक्षा कवितेतून आलेला सण म्हणायला हरकत नाही.

इंग्रजीतलं सर्वांत जुनं समजलं जाणारं व्हॅलेंटाइन पत्र फेब्रुवारी १४७७ मधलं आहे. नॉरफक परगण्यातल्या मार्जरी ब्रूज या तरुणीने ते जॉन पॅस्टन याला पाठवलं. ते वाचून मराठी माणसाला परकं काही वाटणार नाही, कारण विषय हुंड्याचा आहे. आईने वडिलांची परोपरीने मनधरणी केली तरी वडील रक्कम वाढवायला तयार नाहीत, पण तुझं माझ्यावर खरं प्रेम असेल तर तू मला सोडणार नाहीस, असा तिचा रोख. गाडी शेवटी रुळावर आली, लग्न झालं. गंमत अशी, की हे पत्र तिच्या स्वतःच्या हातचं नाही. तिने सांगितलं आणि वडिलांच्या कारकुनाने लिहून घेतलं. ‘प्रेमाचं पत्र स्वतःच्याच हाताने लिहिलेलं असलं पाहिजे’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

अठराव्या शतकात इंग्लंडात लोक घरी कागद कातरून, दुमडून, सुईने टोचून नक्षी करून ही पत्रं बनवू लागले. एकात एक घड्या घातलेला कागद, प्रत्येक घडी उलगडली की पुढचं कडवं, असा एक प्रकार होता. कडवं ज्याला सुचत नाही त्याचीही सोय झाली. १७९७ साली लंडनमध्ये तरुणांसाठी तयार कवितांचं एक पुस्तकच निघालं, त्यातून आवडेल ते उतरवून घ्यायचं. आपल्याकडे लग्नाआधी आठवडाभर उखाण्यांचं पुस्तक घोकणारे नवरदेव असतात, तसंच हे. त्याच साली छापील, हाताने रंगवलेलं कार्डही निघालं. त्याची एक प्रत यॉर्कच्या संग्रहालयात आहे.

पण कार्डाला खरे पाय फुटले ते टपालामुळे. १८४० आधी इंग्लंडात पत्राचं भाडं अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि बहुधा ते घेणाऱ्याच्या माथी पडे. म्हणजे प्रेम एकाचं आणि भुर्दंड दुसऱ्याला. जानेवारी १८४० मध्ये अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला देशभर एक पेनी असा सरसकट दर आला, मे महिन्यात डकवायचं तिकीट आलं. एका पेनीत निनावी पत्र टाकता येऊ लागल्यावर लाजऱ्यांना जसा जोर चढला तसा खवचटांनाही. कुरूप चित्रं आणि टोमणे छापलेली ‘व्हिनेगर व्हॅलेंटाइन’ नावाची स्वस्त कार्डं त्या काळी सर्रास निघत. शिमग्यात बोंब मारायची ती यांनी पोस्टाने मारली.

इथे साताऱ्याचा एक धागा लागतो. बार्टल फ्रिअर हा इंग्रज अधिकारी सातारा संस्थानात रेसिडेंट होता. १८५० मध्ये तो सिंधचा कमिशनर झाला आणि १८५२ साली त्याने तिथे अर्ध्या आण्याचं टपाल तिकीट काढलं. भारतातलंच काय, आशियातलं हे पहिलं डकवायचं तिकीट. ते शाईने छापलेलं चित्र नव्हतं, तर साच्याने दाबून उठवलेला गोल ठसा होता. लाल लाखेवर उठवलेली तिकिटं ठिसूळ निघाली, तडकायची. मग पांढऱ्या आणि निळ्या कागदावर उठवली गेली. पुढे १८५४ च्या ऑक्टोबरपासून देशभर सरसकट दर आणि तिकिटं सुरू झाली. तिकीट आणि शिक्का या दोन्हींना इंग्रजीत ‘स्टँप’ हा एकच शब्द का, याचं उत्तर त्या तडकलेल्या लाखेत दिसतं.

आता इस्थर हाउलंडबाईंकडे जरा निवांत बघू, कारण हाताने बनवलेल्या कार्डाचा धंदा कसा होतो आणि कसा हातातून जातो, हे त्यांच्याइतकं कुणाच्या गोष्टीत दिसत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं वूस्टर हे त्यांचं गाव. वडिलांचं पुस्तकांचं आणि कागदसामानाचं दुकान. १८४७ मध्ये माउंट होल्योकमधून शिकून बाहेर पडल्या आणि त्याच सुमारास त्यांना इंग्लंडहून आलेलं एक नक्षीदार व्हॅलेंटाइन मिळालं. हे मीही करीन, असं त्यांनी ठरवलं. वडिलांकडून जाळीचा कागद, रंगीत चित्रं मागवून घेतली, डझनभर नमुने बनवले आणि फिरतीवर निघालेल्या भावाच्या पेटीत ठेवले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी भरून पावलो अशी अपेक्षा होती. भाऊ पाच हजारांच्या मागण्या घेऊन परतला, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं.

मग त्यांनी घराच्या वरच्या मजल्यावर मैत्रिणी जमवल्या. एकीने चित्रं कातरायची, दुसरीने पार्श्वभूमीचा कागद लावायचा, तिसरीने जाळी चिकटवायची. आपल्याकडे पापड लाटायला बायका जमतात तशी ती बैठक, फक्त पिठाच्या जागी खळ. प्रत्येक कार्ड हातचं, पण कोणतंच एका हाताचं नाही. पाठीमागे लाल शाईत ‘एच’ हे छोटंसं अक्षर उठवलेलं असे, आणि आज जुनी कार्डं जमवणारे लोक ती कार्डं पालथी करून आधी तेच शोधतात. १८८१ मध्ये त्यांनी धंदा जॉर्ज व्हिटनी यांना विकला. पुढे यंत्रं आली, कार्डं स्वस्त झाली आणि वरच्या मजल्यावरची बैठक मोडली. कॅन्सस सिटीत १९१० मध्ये पोस्टकार्डं विकायला लागलेल्या जॉइस हॉल या पोराची ‘हॉलमार्क’ कंपनी पुढे या व्यवसायात केवढी झाली, हे सांगायला नको.

रबराचा ठसा या गोष्टीत उशिरा आला, आणि तोही कचेरीच्या दाराने. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये गंधक घालून तापवलेलं रबर चिवट होतं हे सापडलं, १८४४ मध्ये पेटंट मिळालं. या रबराचा एक मोठा गिऱ्हाईक निघाला दातांचा डॉक्टर. कवळी बसवायची हिरडी तो या टणक रबराची बनवी आणि त्यासाठी छोटी दाबभट्टी त्याच्या दवाखान्यात असे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या खटपट्या लोकांनी याच भट्टीत अक्षरांचे साचे घालून रबरी शिक्के पाडले. पहिला कोण यावर अनेकांचा दावा आहे. प्रेमपत्रावर उठणाऱ्या बदामाचा उगम कवळीत आहे, हे मात्र पक्कं.

आपल्याकडच्या शिक्केवाल्यांची जुनी पद्धतही त्याच घराण्यातली होती. खिळे जुळवायचे, त्यांचा प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, कच्चं रबर त्यात दाबून तापवायचं आणि लाकडी मुठीला चिकटवायचं. आता निगेटिव्हवरून अतिनील प्रकाशात पॉलिमर घट्ट करतात किंवा लेझरने रबर जाळून कोरतात. काम तासाभरात हातात मिळतं. नावगावाच्या शिक्क्याऐवजी मोगऱ्याची फांदी करून द्या म्हटलं तर दुकानदार क्षणभर तोंडाकडे बघतो, मग करून देतो.

कचेरीतला हा शिक्का कलाकारांनी पळवला. जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स याने १९१९ मध्येच दफ्तरी शिक्के उठवून चित्रं केली. १९६० च्या दशकात एकमेकांना पोस्टाने कलाकृती पाठवणाऱ्यांनी शिक्का आपलासा केला. त्यानंतर अमेरिकेत नुसते फुलं-पाखरांचे शिक्के विकणारी दुकानं निघाली, पारदर्शक शिक्के आले, ओल्या शाईवर भुरभुरून गरम हवेने फुगवायची पूड आली. हॉलमार्कच्या देशातच लोक पुन्हा जेवणाच्या टेबलावर कार्डं करायला बसले. मला वाटतं यात शिक्क्याच्या स्वभावाचा हात आहे. तो अर्धा छापखाना आणि अर्धा हात. चित्र काढता न येणाऱ्यालाही त्यातून फूल मिळतं, आणि दाब कमी-जास्त झाल्यामुळे दहा कार्डांवरची दहा फुलं सारखी येत नाहीत.

आमच्या सांगलीत हा सण कसा पोचला, ते माझ्या वयाच्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. १९९१ नंतर केबल टीव्ही आला, भेटवस्तूंची दुकानं आली. ‘आर्चीज’ ही दिल्लीची कंपनी १९७९ मधली, पण तिचं नाव कॉलेजच्या पोरांच्या तोंडी बसलं ते नव्वदीत. उघडलं की गाणं वाजणारी कार्डं होती. ती बंद करूनही कधीकधी वाजत राहायची आणि दप्तरात पोरांची पंचाईत करायची. राज्यात ठिकठिकाणी विरोध झाला, कार्डं जाळली गेली. या वादात इथे शिरत नाही. एवढंच म्हणतो, की कार्ड पाठवण्याची सवय व्हॅलेंटाइनने आणली नाही. ती आपल्याकडे होतीच, आणि बरोबर एक महिना आधी होती.

संक्रांतीची भेटकार्डं आठवतात का? तळहाताएवढी, घडीची, वर पतंग किंवा सुगडं किंवा नुसतीच फुलं, आणि ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. आत हलव्याचे चार दाणे कागदाच्या पुडीत घालून पाकीट पोस्टात टाकायचं. पोचेपर्यंत हलव्याचा काटा मोडून त्याची साखर झालेली असे, पाकिटाच्या कोपऱ्यात जमलेली ती साखर बोटाने टिपून खायची. ही कार्डं मावशीला जात, बाईंना जात, बदलून गेलेल्या शेजाऱ्यांना जात. ज्याच्याशी बोलणं बंद झालंय त्यालाही मुद्दाम जात. पुतणीने व्हॅलेंटाइनचं कार्ड आजीला करायला घेतलं तेव्हा घरात कुणाच्या भुवया चढल्या नाहीत, त्याचं कारण मला तरी या पाकिटांत दिसतं.

ठसा उठवण्याचा हातही घरचाच आहे. गौरी आणताना कुंकवाच्या पाण्यात मूठ बुडवून उंबऱ्यापासून उठवलेली पावलं, वारकऱ्याच्या कपाळावरची गोपीचंदनाची मुद्रा, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेलं हळदकुंकवाचं बोट. शाळेत तर चित्रकलेच्या तासाला ‘ठसेकाम’ असायचंच. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल, बांगडीचं वर्तुळ, पानाच्या पाठीला रंग लावून उठवलेल्या शिरा. बटाटा अर्धा कापून त्यावर बदाम कोरायचा असेल तर कापल्यावर फडक्याने कोरडा टिपायचा, नाहीतर त्याच्या पाण्याने रंग पसरतो. आणि काहीच हाताशी नसेल तर दोन अंगठे आहेत. एक डावीकडे कललेला, एक उजवीकडे, बुडाशी जुळवले की बदाम तयार. १८५८ मध्ये बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने कराराच्या कागदावर सहीऐवजी एका कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला, तिथून अंगठ्याला कायदेशीर इभ्रत मिळत गेली. आपण ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हसतो, पण त्याच्या प्रेमपत्रावर वाद घालता येत नाही.

शाईबद्दल एक सूचना. कचेरीतल्या पॅडच्या शाईत ग्लिसरीनसारखा पदार्थ असतो, म्हणून पॅड वाळत नाही. ती शाई कागदात मुरून सुकते. गुळगुळीत, चकचकीत कार्डावर तिला मुरायला जागा नसते आणि बोट लागलं की बदामाला शेपूट फुटतं. खरखरीत ड्रॉइंग पेपर घ्यावा.

आम्ही मात्र शेवटी पॅड बाजूलाच ठेवलं. सांगलीत राहून लाल रंग विकत का आणायचा? हळदीची ही बाजारपेठ. शेजारच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद साठवली जायची, २००५ च्या महापुराने त्यातली कितीतरी पेवं निकामी केली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. घरातली दोन चमचे हळद स्पिरिटमध्ये कालवून, वरचं पिवळं पाणी ड्रॉइंग पेपरवर ब्रशने फिरवलं. वाळल्यावर कागद पितांबरासारखा झाला. मग वाटीत धुण्याचा सोडा विरघळवून स्पंज भिजवला आणि खोडरबराचा बदाम त्यावर दाबून कागदावर टेकवला. शाई नाही, रंग नाही, नुसतं पाणी. बदाम उचलेपर्यंत कागदावर लाल उमटलेला. हळदीतलं कर्क्युमिन क्षाराशी गाठ पडली की लाल होतं, जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीवर चुन्याची निवळी घालून करतात ते याच गुणावर. लिंबाचा थेंब पडला की पुन्हा पिवळं. उन्हात ठेवलं तर दोन्ही रंग उडतात, म्हणून कार्ड खिडकीत मांडायचं नाही.

पुतणीला हे इतकं आवडलं की तिने आजीबरोबर बाबांना, शाळेच्या रिक्षावाल्या काकांना आणि दूधवाल्यालाही कार्डं केली. ‘प्रिय आजी’ दुसऱ्या खोडरबरावर नव्याने कोरलं, या वेळी बटर पेपर घेऊन. ‘प्र’चा तुकडा तुटलाच, तो पेनाने ओढला.

आजी तासगावला असते. कार्ड पाकिटात घातलं नाही, मागे पत्ता लिहून, तिकीट लावून तसंच उघडं टाकलं. चार दिवसांनी फोन आला. टपालाचा काळा गोल शिक्का तिकिटावरून घसरून पार कडेपर्यंत गेला होता म्हणाली, पण बदाम शाबूत आहे. मग जरा थांबून विचारलं, ‘हे कुंकू कुठल्या दुकानातलं गं? बोटाला लागत कसं नाही?’